गरम कॅमेऱ्याचं गुपित

"हात लाव! लाव ना, चावत नाही तो!" खारू कुजबुजली.

मुंगीने भीतभीत बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. "अगं ताई, हा तर तापलाय!"

"मग कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवू का त्याच्या?" ढोल्या म्हणाला.

"गप रे! नाटक नाही, तालीम नाही, सगळं नाट्यगृह रिकामं. मग हा कॅमेरा गरम कसा?"

खारू सुट्टीत आत्याकडे आली होती. ढोल्या आणि मुंगी ही आत्याची मुलं, आणि आत्या या नाट्यगृहात नाटकांचं चित्रीकरण करायची. म्हणजे कालपर्यंत करायची! काल व्यवस्थापकांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. "वर्षभरात चित्रीकरण झालं जेमतेम चाळीसेक तासांचं, आणि कॅमेऱ्यातला तासांचा आकडा बघा, तीन हजारांच्या वर! बाकीचे तास कुणाच्या लग्नात गेले हो, बाई?"

कॅमेऱ्याच्या खोलीची किल्लीही त्यांनी काढून घेतली. उद्या नाट्यगृहाच्या समितीच्या अध्यक्षीणबाई येणार आणि आत्याचं काम राहतं की जातं, ते ठरवणार. आत्या घरी येऊन मुकाट्याने भाजी चिरत बसली. ती चिडली असती, रडली असती, तरी चाललं असतं. पण तिचं ते गप्प बसणं खारूला बघवेना.

म्हणून ही स्वारी! किल्ली नव्हती, पण व्यवस्थापक दार लावायलाच विसरले होते.

"इकडे बघा," मुंगी जमिनीवर पालथी पडून म्हणाली. "कॅमेऱ्यातून एक वायर निघून दाराबाहेर जातेय."

वायर भिंतीच्या कडेने जिना उतरली. तिच्यामागून तिघंही उतरली. वायर गेली थेट व्यवस्थापकांच्या खोलीत! फटीतून पाहतात तो काय, भिंतीवर भलाथोरला टीव्ही, टीव्हीवर रिकामा रंगमंच, आणि समोर टेबलावर पाय टाकून व्यवस्थापक घोरताहेत!

"काय पण नाटक रंगलंय!" ढोल्या म्हणाला. मुंगीने त्याच्या तोंडावर हात दाबला.

घरी येऊन खारूने धापा टाकत सगळं सांगितलं. "आत्या, कॅमेरा नुसता चालू असला तरी तास मोजत असेल तर?"

आत्याच्या हातातली सुरी थांबली. "मला वाटायचं, चित्रीकरणाचेच तास मोजतो. म्हणून तर काल माझी बोलती बंद झाली. काम असलं की मी त्यात कार्ड घालते, काम झालं की काढून घेते. मधल्या दिवसांत तिकडे फिरकतसुद्धा नाही गं."

"मग उद्या हेच सांगू!"

"आणि ते म्हणाले, तूच चालू ठेवून जात होतीस, तर?" ढोल्याने विचारलं.

खारूचे डोळे चमकले. "ते स्वतःच सांगतील. ओरडून सांगतील!"

दुसऱ्या दिवशी अध्यक्षीणबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. आत्या बाजूला उभी होती. खारूने मान हलवताच ढोल्या वर पळाला. दार आजही उघडंच होतं. त्याने बटण दाबून कॅमेरा बंद केला.

"कॅमेरा कुणी बंद केला?" व्यवस्थापक तणतणत आत शिरले. "सकाळी आल्याआल्या मी स्वतः चालू करतो तो!"

"स्वतः?" अध्यक्षीणबाईंनी चष्मा सावरला. "रोज?"

"रोज म्हणजे रोज! वर्ष झालं! रात्री दिवे मालवेपर्यंत चालू असतो. खोलीत बसून लक्ष ठेवायला नको?"

"मग तास तुम्हीच वाढवलेत!" खारू पुढे झाली.

"अगं ए, मी नुसतं बघतो! रेकॉर्ड कुठे करतो? आमच्या काळच्या टेपच्या कॅमेऱ्यात आतलं चाक फिरलं, तरच तास धरायचे."

"पण यात टेपच नाही ना, काका!"

सगळे वरच्या खोलीत आले. आत्याने कॅमेरा पुन्हा चालू केला, कार्डाची जागा रिकामी असल्याचं दाखवलं, भिंगावर झाकण घातलं आणि तासांचा आकडा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आणला.

"आता थांबायचं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"अहो, तासभर?" व्यवस्थापकांचा चेहरा पडला.

"तासभर. माणसाच्या नावाचा प्रश्न आहे."

मुंगीने नखं खाऊन संपवली. 'नाही वाढला तर?' खारूला वाटलं. आपल्या शहाणपणामुळे आत्याची आणखीच शोभा होणार! तिने हळूच आत्याकडे पाहिलं. आत्याने तिचा हात घट्ट धरला होता.

आणि आकडा बदलला!

"वाढला! वाढला!" ढोल्याने अशी उडी मारली की खुर्चीच आडवी झाली.

व्यवस्थापकांनी घाम पुसला आणि किल्ली पुढे केली. आत्याने ती घेतली नाही.

"किल्ली नंतर. परवा सगळ्यांदेखत बोललात."

व्यवस्थापक खाली गेले, मागोमाग बाकीचेही. झाडणारे, तिकीटवाले, रंगारी, सगळ्यांना त्यांनी बोलावलं. "कॅमेरा बाहेर गेलाच नव्हता," ते अडखळत म्हणाले. "तो मी चालू ठेवत होतो आणि आळ यांच्यावर घेतला. चुकलो."

मग कुठे आत्याने किल्ली घेतली.

"आमच्या समितीतली एवढी मोठी माणसं नुसता आकडा बघून मोकळी झाली," अध्यक्षीणबाई मुलांच्या पाठीवर थाप देत म्हणाल्या. "तो आकडा मोजतो काय, हे विचारायला तुम्हीच लागलात. शाबास!"

"खाऊ मिळेल का?" मुंगीने लगेच विचारलं. सगळे खो खो हसले.

आत्या वर गेली. तिने झाकण काढलं, कार्ड घातलं.

"ए, रंगमंचावर उभे राहा तिघं!" तिने वरून हाक मारली.

"कशाला गं आई?"

"उभे राहा म्हणते ना! आणि ढोल्या, शर्ट खोच!"

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.