राक्षसिणीचे केस

विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. पण ज्या बाईवर हे बेतलं, तिच्या हातचं मी जेवलो आहे.

प्रमोदिनी, माझ्या आजीची थोरली बहीण. साल १९३८. ठिकाण मळवली स्टेशनच्या पलीकडचा एक बंगला. आणि अमावास्येची रात्र वगैरे काही नाही. मार्गशीर्षातली लख्ख दुपार.

तिचा नवरा माधवराव एका फिल्म कंपनीत रंगभूषा करायचा. भुतं, राक्षस, नागकन्या... सगळी सोंगं त्याच्या हातची. त्याची तळ्यातली राक्षसीण गाजली, पण भलत्याच कारणाने. तिचे केस तागाचे होते. ती पाण्यातून वर आली की पब्लिक ओरडायचं, "सुतळी आली, सुतळी आली!"

आता त्याच बोलपटाचा दुसरा भाग निघाला होता. माधवरावाने मनाशी ठरवलं, या खेपेला कोणी हसणार नाही.

शूटिंग भाजे लेण्यांच्या डोंगराखाली, एका तळ्यावर. त्याने बायकोलाही पुण्याहून बोलावून घेतलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते. आठवा सरत आला होता. पण मलमलीच्या जाळीत एकेक केस आकडीने ओवून गाठ मारावी ती प्रमोदिनीनेच.

"केसांचा टोप झाला की माहेरी जा," तो म्हणाला.

या वेळी केस खरे होते. काळेभोर, गुडघ्याखाली येतील एवढे लांब.

"कुठून आणले?"

"तुला काय करायचंय? गाठी मार."

संध्याकाळी तिने टोप लाकडी डोक्यावर चढवला आणि केस मोकळे सोडले.

सकाळी पाहते तर... त्यांची वेणी घातलेली.

तिला वाटलं, नवऱ्याने घातली. नवऱ्याला वाटलं, तिने.

दुसऱ्या दिवशी खोलीत शिकेकाईचा वास होता. केस ओले होते.

मग दुपारचा आवाज सुरू झाला. ती जेवून आडवी झाली की बाहेरचे कावळे गप्प व्हायचे, आणि पलीकडच्या खोलीत...

सर्र... सर्र...

कोणीतरी फणी फिरवत होतं. मध्येच थांबून गुंता सोडवत होतं. उठून बघावं तर खोलीत कोणी नाही.

विठाबाई सुईण अंग चोळायला यायची. तिची नजर टोपावर गेली आणि हातातली तेलाची वाटी तिने खाली ठेवली.

"ताई, ह्ये तर कस्तुराचं केस हायती."

"कोण कस्तुरा?"

"हितं दूध घालायची. तुमी यायच्या आधी बाळंतपनात गेली. प्वार पोटातच ऱ्हायलं. तिरडीवर घेतली तर मानंवर केस न्हाईत! आमी सासूलाच बोल लावला, तिनंच कापून इकलं म्हून."

विठाबाईने सगळं सांगितलं. बाळंतपणात गेलेली बाई परत येते. म्हणून मसणातून तिच्या घरापर्यंत वाटेवर राळे टाकतात. तिला ते दाणे वेचावेच लागतात. वेचता वेचता उजाडतं आणि ती घरी पोचत नाही.

"तिच्या वाटंवर टाकलंय, ताई. तुमच्या वाटंवर कुनी टाकलं न्हाई."

विठाबाईने तेवढ्यात घरी जाऊन सूपभर राळे आणले आणि फाटकापासून उंबऱ्यापर्यंत टाकले.

माधवराव संध्याकाळी आला. त्याने नाकारलं नाही. कस्तुरा जिवंत असतानाच त्याने केस मागितले होते. ती पदर ओढून हसत निघून गेली. मग मयताच्या घरी हा हळहळायला गेला. पुरुष बांबू आणायला गेलेले, बायका पाणी तापवत होत्या, आणि याच्या खिशात कात्री होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते असेच.

"केस परत द्या हो," प्रमोदिनी रडायला लागली. "तिच्या चितेच्या जागी नेऊन जाळू. मला माझं मूल हवंय."

"उद्या शेवटचा शॉट आहे. झाला की जाळ."

मग त्याने झाडू घेतला आणि सगळे राळे स्वतः झाडून टाकले.

"मुंग्या होतात. डिंकाला लागल्या तर माझा मुखवटा जाईल."

सकाळी तो टोप घेऊन गेला. तो गेला आणि तिला कळा सुरू झाल्या. रखमाजी माळी विठाबाईला आणायला धावला. ती दुसऱ्या गावाला गेली होती.

दुपारी कावळे गप्प झाले.

डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आत आली. प्रमोदिनीला वाटलं, विठाबाईने कोणाला तरी पाठवलं असेल.

"भिऊ नगं. जोर कर."

हात बर्फासारखे गार होते. पण सराईत होते.

मुलगी झाली. रडली... एकदाच, खणखणीत.

बाईने तिला पदरात घ्यायला मान वाकवली आणि डोक्यावरचा पदर घसरला.

मानेवर केस वेडेवाकडे कापलेले होते.

"माजं दे. मग ह्ये घे. दिस बुडंस्तवर बसते."

ती बाळाला घेऊन अंगणात जाऊन बसली.

रखमाजी विठाबाईला घेऊन परतला, तो फाटकातच थिजला. विठाबाई ओरडली, "पळ! सायबाला सांग, केस घिऊन या!"

तो तळ्यावर पळत गेला. परत आला तो एकटाच.

"साहेब म्हनलं, उजेड चाललाय. येवढा शॉट हुंदे, मग येतो."

प्रमोदिनी सरपटत उंबऱ्याशी आली. हात जोडले, कपाळ आपटलं. बाईने वर पाहिलंसुद्धा नाही. ती बाळाच्या जावळातून बोटं फिरवत होती. बाळ रडत नव्हतं.

ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. भिंतीवरून कौलांवर.

मग गेलंच.

अंगणात कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने माधवराव आला. काखेत टोप, तोंडावर हसू. "बघ, आता कोण हसतं ते!"

मुलगी सापडली नाही. कोल्ह्याने नेली, असं लिहून पोलीस मोकळे झाले. टोप त्याच रात्री जाळला. त्याचा काय उपयोग?

बोलपट लागला. खरंच कोणी हसलं नाही. शेवटी राक्षसीण पाण्यातून वर येते, आणि त्याच क्षणी कुठूनतरी तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येतं. तळ्याच्या आसपास एकही मूल नव्हतं, असं आवाज घेणारा शपथेवर सांगायचा. माधवराव मात्र छाती फुगवून म्हणायचा, "मागून मिळाला नसता असा आवाज!" त्याने तो काढू दिला नाही.

तो बोलपट आता कुठे मिळत नाही. मिळू नये, असंच मला वाटतं.

प्रमोदिनी मात्र खेळ उतरेपर्यंत रोज जायची. लोक किंचाळून डोळे झाकायचे. ही हलायची नाही.

मी एकदा विचारलं, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटायची?"

"वाटायची ना रे," ती म्हणाली. "लोक फार मोठ्याने ओरडले तर तिचं रडणं ऐकू येणार नाही, अशी."