अँडर्स ब्रूनचा दगड

तान्ह्या पोराच्या थडग्यावरचा दगड कोण चोरेल?

दफनभूमीच्या डॅनिश कोपऱ्यात इंगर मोगेन्सन कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर गवतात दगडाच्या मापाची पिवळट जागा उघडी पडली होती. परवापर्यंत तिथं एक काळा दगड होता. त्यावर एवढंच कोरलेलं: 'अँडर्स ब्रून, १९१३–१९१४'.

इंगर निवृत्त शिक्षिका. डेन्मार्क सोडून या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात आलेल्यांच्या वसाहतीतल्या निम्म्या घरांच्या वंशावळी तिनं मांडल्या होत्या. उरलेल्या निम्म्यांनी भीतीपोटी मांडू दिल्या नव्हत्या.

डावीकडे पेडर ब्रूनच्या पहिल्या बायकोचा, गेर्डाचा, महागडा संगमरवर जागच्या जागी होता. उजवीकडे इंगरच्या वडिलांची पहिली बायको. तिचंही नाव इंगर. पहिली बायको वारली की दुसरीच्या पहिल्या मुलीला तिचं नाव; नवरा वारला असेल तर बायकोच्या पुढच्या संसारातल्या पहिल्या मुलाला त्याचं. जुन्या डॅनिश लोकांची रीतच तशी. कधी न पाहिलेल्या बाईचं नाव इंगर साठ वर्षं वागवत होती.

"चोर अडाणी दिसतो," मागून सोरेन टॉफ्ट म्हणाला. "संगमरवर सोडून हा नेला."

"किंवा शहाणा," इंगर म्हणाली.

सोरेन दोन वर्षांचा होता तेव्हा, १९११ साली, त्याचा बाप अँडर्स टॉफ्ट नाहीसा झाला. शेतावरचा गडी नील्स ब्रून यानं सांगितलं, मीच त्याला आगगाडीत बसवून आलो, मायदेशी परत गेला तो. पुढं नील्स सोरेनच्या आईच्या, मारेनच्या, घरातच राहिला. जमीनही त्याचीच झाली. थडग्यातलं तान्हं पोर त्या दोघांचं पहिलं, पेडर दुसरा. सोरेनला मात्र शाळा संपताच परक्याच्या दारी राबायला धाडलं. 'पळपुट्याचं पोर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. अर्धं आयुष्य तो इंगरकडून डेन्मार्कच्या चर्चांना पत्रं लिहून घेत होता. तिथल्या नोंदींप्रमाणे बाप कुठल्या गावी पोचला नव्हता की कुठं मेला नव्हता.

आणि आता पेडरच्या शेतात विजेचे खांब पुरताना बुजवलेल्या विहिरीत हाडं निघाली होती. कवटी मागून फुटलेली.

"फौजदार म्हणतो, कुणी भटक्या असेल. सोमवारी बेवारशांच्या खड्ड्यात टाकणार," सोरेन म्हणाला. "इंगर, तो माझा बाप असेल तर?"

"आईनं या पोराला त्याचं नाव का दिलं, सांगितलं होतं कधी?"

"लोक म्हणायचे, केवढी माया. आई म्हणायची, माझ्यापुरता तो मेला."

इंगर त्या पिवळ्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फौजदाराला घेऊन पेडरकडे ये."

*

"मागच्या दारानं नको, डोन्या इंगर," पेडर हसून म्हणाला. "नवी पायरी बसवलीय, सिमेंट ओलं आहे."

जुनी लाकडी पायरी भिंतीशी टेकून ठेवली होती. चांगली धडधाकट होती.

पेडरची सतरा वर्षांची लेक गेर्डा कॉफी आणि केक घेऊन आली. दुसऱ्या बायकोची ही थोरली. फौजदार लुनानं घड्याळ पाहिलं. "आटपा बाई. ही माझी दुपारच्या झोपेची वेळ."

"पेडर, तुमच्या वडिलांच्या वडिलांचं नाव काय?" इंगरनं विचारलं.

"पेडर. त्यांचंच मला दिलंय."

"एरवी आजोबांचं नाव पहिल्या मुलाला देतात. तुम्ही तर दुसरे."

"पहिल्याचं आईनं ठरवलं. जीव होता तिचा त्या माणसावर."

"आणि तुमच्या वडिलांनी ते चालवून घेतलं?"

"भला माणूस होता."

"विहीर कुणी बुजवली?"

"माझ्या जन्माआधीची गोष्ट ती. मला काय ठाऊक?"

"बरं. या पोरीचं नाव कुणी ठेवलं?"

पेडरनं कॉफी ढवळायला घेतली. गेर्डाच बोलली, "बाबांनी. त्यांच्या पहिल्या बायकोचं. ती वारली म्हणून."

"वारली म्हणून," इंगर म्हणाली. "फौजदारसाहेब, ऐकलंत? आमच्यात असं नाव फक्त मेलेल्याचं देतात. जिवंत माणसाचं दिलं तर ते त्याचं मरण मागितल्यासारखं होतं. १९१३ साली सगळी वसाहत म्हणत होती, अँडर्स मायदेशी सुखात आहे. एकट्या मारेनला ठाऊक होतं की तो मेलाय. कुणी कळवलं तिला? कुणीच नाही. तिनं पाहिलं होतं. आणि नील्सनं आपल्या बापाच्या नावाचा मान मुकाट सोडला, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. आगगाडीत बसवलं म्हणणारा तोच. मारलं त्यानं, बुजवलं त्यानं. मारेननं सगळं पोटात घातलं, पण रीत मोडायची तिची छाती झाली नाही."

"ही झाली गोष्ट, बाई."

"तो दगड इतकी वर्षं उघड्यावर होता. मीसुद्धा दर वेळी वाचला आणि माया समजून पुढं गेले. चोरला नसता तर आजही कुणाला उमगलं नसतं. हाडं कुणाची हे ज्याला ठाऊक होतं आणि नावाचा अर्थ ज्याला लागत होता, त्यालाच तो दगड नकोसा झाला. पेडरनं ही रीत स्वतःच्या घरात पाळलीय. चांगली लाकडी पायरी काढून नवी बसवायची घाई कशाला झाली? ती नवी उलटून पाहा."

फौजदारानं पहार मागितली. पायरी सहज निघाली. खालच्या बाजूच्या अक्षरांत सिमेंट भरलं होतं, तरी 'अँडर्स' वाचता येत होतं.

पेडर सोरेनकडे वळला. "आईनं मरताना सांगितलं. शपथ घातली मला. सोरेन, मेलेल्या बापाला मी आता काय फासावर चढवणार होतो? घराचं नाव तेवढं..."

"आई जाऊन चार वर्षं झाली," सोरेन म्हणाला.

"हो."

"दोन वर्षांपूर्वी तू मला बोटीचं तिकीट काढून दिलंस. म्हणालास, जा, बापाला शोध. मी अख्खा हिवाळा तिकडं थंडीत कुडकुडत थडगी वाचत फिरलो. तू बंदरावर रुमाल हलवत उभा होतास, पेडर."

पेडर पायानं ओलं सिमेंट सारखं करू लागला.

"खुन्यावर आता खटला नाही," लुना टोपी घालत म्हणाला. "दगडाच्या चोरीचा काय तो दंड होईल. हाडं तुम्ही घेऊन जा, डॉन सोरेन."

सोरेन दगड उचलायला वाकला. पेडर धावत दुसऱ्या बाजूला आला.

"हात लावू नकोस," सोरेन म्हणाला. "हेही पोर माझा भाऊच होतं. त्यानं तरी मला फसवलं नाही."

त्याला एकट्याला दगड पेलेना. गेर्डानं एप्रन सोडून खुर्चीवर टाकला आणि बापाकडे न बघता दगडाची दुसरी बाजू धरली.