दुप्पट तीन अधिक नऊ

पहिल्या हौदात पंधरा किलो मीठ पडलं, दुसऱ्यात चोवीस. हौद सारखे, पाणी सारखं, प्रोग्रॅमही एकच. सकाळी दुसऱ्या हौदातली रोहूची सगळी पिल्लं मरून तरंगत होती.

ही गोष्ट २०५८ सालची. कुंभेळी धरणाच्या काठी नगरे कुटुंबाचं मत्स्यबीज केंद्र (माशांची पिल्लं वाढवण्याची जागा) होतं. माशांना रोग होऊ नये म्हणून पाण्यात मीठ टाकणाऱ्या दोन रोबोंसाठी, एक जुना आणि एक नवा, तो प्रोग्रॅम तेरा वर्षांच्या वृंदाने लिहिला होता. ती दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिची उर्मिलाआत्या आली. आत्या संगणकशास्त्रज्ञ होती. रोबो ज्या ‘ओघ’ नावाच्या भाषेवर चालत, तिचे नियम पक्के करणाऱ्या समितीत ती काम करायची.

“ओळ दाखव,” आत्या म्हणाली.

वृंदाने दाखवली: दुप्पट ३ + ९.

“यातलं ‘दुप्पट’ हे फलन (आत घातलेल्या संख्येवर ठरलेली क्रिया करून उत्तर देणारा नियम). आत तीच संख्या घातली की दरवेळी तेच उत्तर येतं. मग उत्तरं दोन कशी आली?”

वृंदा कागदावर आकडे मांडत बसली. थोड्या वेळाने तिने मान वर केली. “जुन्या रोबोने तीनची दुप्पट केली, सहा. त्यात नऊ मिळवले, पंधरा. मला तेच हवं होतं. नव्या रोबोने आधी तीन आणि नऊ मिळवले, बारा. मग दुप्पट, चोवीस!”

“बरोबर. फलन चुकलं नाही. दोघांनी वाक्यरचना (चिन्हं कशी मांडायची आणि कशी वाचायची याचे नियम) वेगवेगळी लावली. हे रोबो दोन वेगळ्या कारखान्यांचे, आणि कोणती रचना लावायची हे आजवर कुठे लिहिलेलंच नाही.”

“म्हणजे चूक माझी नाही?”

“तुझी एकटीची नाही. पण ओळ तू एकाच रोबोवर तपासलीस.”

पुढच्या महिन्यात समितीची बैठक होती. घडलं ते सांगायला वृंदाला बोलावलं. समोर प्रस्ताव दोन होते. पहिला, फलनाने फक्त शेजारची संख्या घ्यायची, असं ठरवून टाकायचं. दुसरा, अशा ओळीत कंस सक्तीचे करायचे, म्हणजे (दुप्पट ३) + ९ असं लिहायचं.

रशीद तांबोळी उठले. पस्तीस वर्षं ते तळ्यांसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. “कंस सक्तीचे केलेत तर माझे तीन हजार प्रोग्रॅम एका झटक्यात बंद पडतील. तळ्यातले मासे कंसांची वाट बघत बसणार नाहीत. पहिला नियम पुरे. पोरंसुद्धा शिकतील.” त्यांनी पडद्यावर लिहिलं: दुप्पट ४ + ६. “बाळ, नियम ऐकलास ना? सांग किती?”

“वीस,” वृंदा चटकन म्हणाली. लगेच तिचा चेहरा उतरला. “नाही, चौदा.”

तिने पडद्यावरच्या ओळीकडे बोट केलं.

“यंत्र नियम पाळेल, काका,” ती हळूच म्हणाली. “पण वाचणारं माणूस घाईत असतं.”

तांबोळींनी चष्मा काढून पुसला. “खरंय. पण माझ्या जुन्या प्रोग्रॅमांचं काय?”

“जुन्या ओळींत कंस यंत्रानेच घातले तर? तुमचा रोबो आज जसं वाचतो, अगदी तसेच?”

आत्या पुढे झाली. “ते तपासताही येईल. तीच संख्या घातली की फलन तेच उत्तर देतं. कंस घालण्याआधीची आणि नंतरची उत्तरं लाखभर संख्यांवर ताडून बघू. जुळली नाहीत तर तो प्रोग्रॅम बाजूला काढू.”

मतदान झालं. कंसांच्या बाजूने नऊ मतं पडली, विरोधात चार. विरोधातल्यांनीही रूपांतराचा (जुनी ओळ नव्या रचनेत बदलण्याचा) मार्ग मान्य केला.

पावसाळा सरता सरता तांबोळींचा फोन आला. “सगळी उत्तरं जुळली, वृंदा. एकही तळं बंद पडलं नाही. पण कंस डोळ्यांसमोर आले तेव्हा कळलं, माझ्या बारा ओळी मला हव्या तशा कधीच नव्हत्या. पंधरा वर्षं तशाच चालल्यात. येतेस का दुरुस्त करायला?”

वृंदा पोचली तेव्हा त्यांनी पहिली ओळ पडद्यावर मोठी करून ठेवली होती आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली होती.

“आधी तू वाच,” ते म्हणाले. “सावकाश.”