दवाखान्यापासून पुढची रेघ

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं देवाचं नाव घेतात, बाहेरची पायऱ्या चढत शिव्या देतात, आणि मी पेटी उघडून बघतो. कारण सापडतंच. घासलेली पट्टी, सैल तार, कधी नुसतं झुरळ. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून हा माणूस पहिल्यापासूनच असा होता असं कुणी म्हणायला नको.

आमच्याकडे हातात धरायचं एक जीपीएस होतं. पिवळं, साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, रबरी बटणांचं, मनगटात अडकवायला दोरी असलेलं. ते बायकोनं हौसेनं घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही तळ्यात होडी घालायचो, नाहीतर पलीकडच्या टेकड्या चढायचो, आणि यंत्र कायम तिच्या हातात असायचं. त्याचं नाव तिनं सासूबाई ठेवलं होतं. वाट जरा सोडली की ते टुकटुक करायचं आणि ती म्हणायची, "अहो, सासूबाई म्हणतायत, चुकलात." माझी आई बिचारी कधी कुणाला उलटून बोलली नाही. तरी मी हसायचो.

वल्ही मारणारा माणूस पाठमोरा बसतो. कुठं चाललोय ते त्याला दिसत नाही. मला समोर फक्त बायको दिसायची. ती मागच्या फळीवर बसून पुढचं बघायची आणि वाट सांगायची. सुरुवातीला यावरून खूप भांडणं झाली, कारण तिचं डावं ते माझं उजवं. एकदा असेच काठच्या लव्हाळ्यात अडकलो, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "घरी झोपता तसं समजा. तुमच्या डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला दार." तेव्हापासून आमच्यात डावं-उजवं संपलं. होडीत, टेकडीवर, पुढं गाडीतसुद्धा, ती नुसती म्हणायची, "खिडकी." किंवा, "आता दार." मुलगी तोवर नोकरीसाठी परगावी गेली होती. हे आमचं दोघांचंच होतं, आणि असलं काही कुणी कुणाला सांगत बसत नाही.

शेवटच्या वेळी आम्ही बेटावर जाऊन परत येत होतो. तळ्याच्या मध्यावर एक सपाट खडक आहे. तिथं तिनं गळ्याखाली हात दाबून धरला. मी विचारलं तर म्हणाली, "सावकाश मारा. कुणाला घाई आहे?" मी जोर लावला. धक्क्यावर रुग्णवाहिका आली. तिला आत घेतलं आणि मला म्हणाले, तुम्ही मागून या. यंत्र तिच्या जाकिटात चालूच होतं. दवाखान्याच्या फाटकात त्याचे सेल संपले. ती त्या संध्याकाळी गेली.

आपण चाललो की हे यंत्र पडद्यावर मागं रेघ ओढत येतं. तिची त्या दिवसाची रेघ त्यात होती. घरापासून धक्का, धक्क्यापासून बेट, बेटापासून खडक, पुन्हा धक्का, मग चौकातून वळून दवाखाना. मी रोज संध्याकाळी चहा घेऊन खिडकीत बसायचो आणि बटण दाबून ती रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचो. फोटो आहेत, साड्या आहेत, पण ते सगळं थांबलेलं आहे. ही रेघ चालताना काढलेली होती.

एकदा मी यंत्र बंद करायला विसरलो. दिवसभर ते खिडकीत पडून राहिलं. संध्याकाळी बघतो तर आमच्या घरावर लोकरीच्या गुंत्यासारखा गोळा काढून ठेवलेला, आणि तिकडं घरापासून धक्क्यापर्यंतची रेघ गायब.

घड्याळं आणि मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडं धावलो. डोळ्याला कायम भिंग लावून बसतो म्हणून आम्ही त्याला भिंगच म्हणतो.

"दादा, यात जागा थोडी," तो म्हणाला. "भरली की सगळ्यात जुनं पुसून नवं लिहितं. आणि घरात आकाश दिसत नाही ना, म्हणून बसल्या जागी चाचपडतं. चाचपडतं आणि तेही लिहून ठेवतं."

"गेलेलं परत येईल?"

"नाही. उरलेलं कॉम्प्युटरवर काढून दिलं असतं, पण वायर लावायची जागा पार गंजलीय." त्यानं गुंता पुसला आणि काहीतरी दाबलं. "नोंद बंद करून दिलीय. आता कितीही बघा, एक ठिपका पडणार नाही."

कारण सापडलं होतं. मी निवांत घरी आलो.

त्यानंतर काही दिवसांनी लक्षात आलं की रेघ फाटकात संपत नाही. जरा पुढं आलीय. नखाएवढी. नोंद बंद आहे ना, ते मी तपासलं. बंद होती. दुसऱ्या दिवशी ती पोस्टाच्या पेटीपर्यंत आली होती. आणि तिकडं धक्क्याजवळ, जिथून तिची वाट पाण्यात उतरत होती, तिथं तेवढीच कमी झाली होती.

मी सेल काढून ठेवले. यंत्र तिच्या कपाटात, साड्यांच्या मध्ये ठेवलं. काही दिवस हात लावला नाही. मग राहवलं नाही. सेल घातले. रेघ दुकानांची ओळ ओलांडून गेली होती.

दुपारी मी यंत्र घेऊन त्या वाटेनं चाललो. रेघ रस्त्यातून जात नव्हती. कडेच्या फुटपाथवरून जात होती आणि जिथं फुटपाथ उखडलाय तिथं वळसा घालत होती. मध्येमध्ये तिचा छोटा गोळा झाला होता, कुणी थोडा वेळ उभं राहिल्यासारखा. पहिला गोळा पोस्टाच्या पेटीशेजारच्या कठड्यापाशी. दुसरा बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या पायरीपाशी. तिच्या हृदयाच्या तपासण्यांना चालत जायचो तेव्हा दम लागला की ती याच दोन ठिकाणी टेकायची.

मी भिंगकडं गेलो.

"असं होत नाही," तो म्हणाला.

"झालंय."

"मग बिघडलंय."

"बिघडलेलं यंत्र खड्डे चुकवून चालतं का रे?"

त्यानं बराच वेळ पडदा बघितला. डोळ्यावरचं भिंग काढलं, तसं मी कधी बघितलं नव्हतं. मग यंत्र माझ्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाला, "दादा, हे परत इथं आणू नका."

रेघ चौकात आली. धक्क्याकडून येताना या चौकात उजवीकडं दवाखाना आणि डावीकडं आमचं घर. मला वाटलं, आता घरी येईल. त्या दिवशी मी केर काढला. तिच्या बाजूची उशी बदलली. काय करतोय असं मनात आलं, पण हात थांबले नाहीत.

ती सरळ घराकडं आली नाही. धक्क्याकडं वळली. जिथं तिनं मला शेवटचं बघितलं होतं तिथं.

एव्हाना बेटाकडं जाणाऱ्या वाटेचा सुरुवातीचा तुकडा पुसला गेला होता. असंच चाललं तर बेट जाईल, खडक जाईल, सगळा दिवसच जाईल. मला जेवण गोड लागेना. उठायचो, बसायचो, पुन्हा यंत्र बघायचो.

रविवारी होडी विकायची होती. मुलीनंच गिऱ्हाईक बघितलं होतं, आणि व्यवहारासाठी ती गाडी घेऊन आली. आल्याआल्या तिनं फ्रीज उघडून नाक मुरडलं, मग माझ्याकडं बघितलं.

"बाबा, तू जेवतोस की नुसता फ्रीजची चौकशी करतोस?"

मी तिला फक्त एवढंच सांगितलं की आईची रेघ पुसली जातेय, आणि ती राखायचा एकच उपाय आहे. नोंद चालू करायची आणि तीच वाट पुन्हा वल्हवायची. जिथं जुनी पुसली जाईल तिथंच नवी उमटेल.

"ती आईची नसेल बाबा. आपली असेल."

"वाट तीच असेल."

तिनं फ्रीज बंद केला. "पाठ धरली तर मला फोन करायचा नाही हं."

"तू होडीतच असशील. फोन कशाला करू?"

ती हसली, म्हणून गेलो. नाहीतर गेलो नसतो.

दुपारचं ऊन होतं, वारा नव्हता. मी पाठमोरा बसलो. ती मागच्या फळीवर, आईच्या जागी, हातात यंत्र घेऊन. मी लव्हाळ्यातून होडी बाहेर काढली.

"डावीकडं," ती म्हणाली. मी वळवली. "अरे, डावीकडं बाबा! माझ्या डावीकडं!"

"मग तसं सांग ना."

"आई कशी सांगायची?"

"सांगायची कसंतरी," मी म्हणालो.

पुढं ती हातानं खुणा करू लागली. मधूनच वर बघून म्हणायची, "जमतंय. बरोब्बर रेघेवर आहोत." मला बरं वाटत होतं. बेटाला वळसा घालून आम्ही परत फिरलो.

लिफ्टवाल्याच्या हातांना वजन कळतं. दोघं आत असली की दोर एका तऱ्हेनं ताणला जातो, तिघं असली की वेगळा. बेटापासून परतताना वल्ही जड झाली. मी होडीच्या तळाशी पाणी शिरलंय का बघितलं. तळ कोरडा होता. मागची बाजू पाण्यात खाली बसली होती.

मुलगी बोलायची थांबली होती. हाताच्या खुणाही थांबल्या होत्या. नजर पडद्यावर.

"दार," ती म्हणाली.

मी उजवीकडं घेतली. हात आपोआप वळले. मग लक्षात आलं, हा शब्द मी तिला सांगितलाच नव्हता.

"थोडं अजून दार. आता खिडकी."

आवाज मुलीचाच होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर रेघ तुटली असती, असं मला तेव्हा वाटलं.

खडक दिसू लागला.

तिचा मोकळा हात वर आला आणि गळ्याखाली दाबून बसला.

"सावकाश," ती म्हणाली. "कुणाला घाई आहे?"

ती रेघ कुठं जाते ते मला ठाऊक होतं. खडकापासून धक्का. धक्क्यापासून चौक. आणि मग ते फाटक.

मी वल्ही सोडली. पुढं वाकून तिच्या मुठीतून यंत्र ओढलं. दोरी मनगटात अडकली होती, ती तिची कातडी खरवडत निघाली. मी यंत्र पाण्यात टाकलं.

पिवळं काहीतरी थोडा वेळ खाली जाताना दिसलं. मग पाणीच.

"बाबा!" ती ओरडली. "वेडा झालास का? हात सोललास माझा!" आणि मग हळूच, "आईची रेघ होती ना त्यात?"

"होती."

"मग?"

"जाऊ दे."

"तुला धड वाटतंय ना?"

"तुला?"

"मला काय झालंय? थंडी वाजतेय जरा."

होडी हलकी झाली होती की मीच जोरात मारत होतो, सांगता येत नाही. धक्क्यावर गिऱ्हाईक उभं होतं. मी होडीकडं वळूनही न बघता साखळीच्या कुलपाची चावी दिली. मुलगी म्हणाली, "चला, सुटलो एकदाचे," आणि गाडी सुरू केली. मी तिच्या शेजारी बसलो. मनगटाला रुमाल बांधून ती चालवत होती, आणि नेहमीसारखी बडबडत होती. किती दिवसांनी तळ्यात गेलो, गिऱ्हाईकाची मिशी कशी झाडूसारखी आहे. मीही हसलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं. रेघ गेली तर गेली.

"घरी अंडी आहेत का?" तिनं विचारलं.

"असतील."

चौक आला. तिनं वेग कमी केला.

"आता दार," ती म्हणाली, आणि चाक उजवीकडं फिरवलं.

तिचा मोकळा हात गळ्याखाली होता. आमचं घर खिडकीकडं मागं राहिलं.