मुसालाच्या दोनशे मीटर खाली

लिफ्टमध्ये कुणाचा तरी सोफा अडकला होता, म्हणून समरीन त्या दिवशी जिन्याने उतरत होती. एरवी ती जिन्याच्या वाटेला जाणारी मुलगी नव्हतीच. सौदीतल्या अल-खोबरमध्ये जन्मलेल्या मुलीला चालण्याची सवय असते ती मॉलमध्ये, तीही गार हवेत.

हातात सांदणांचा डबा होता, तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीसाठी. चौथ्या मजल्याच्या वळणावर खालून एक तरुण आला. पाठीवर ही मोठी सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्यांची डुचमळ, कपाळावरून घाम निथळतोय... आणि चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा प्रसन्न.

तिने हिंदीत सांगितलं, लिफ्ट पाच मिनिटांत मोकळी होईल. तो म्हणाला, लिफ्ट नकोच आहे. मग कितव्या मजल्यावर जायचंय? अकराव्या. कुणाकडे? कुणाकडेच नाही. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं.

"वेडा दिसतोय," समरीन मराठीत स्वतःशीच पुटपुटली.

"अर्धा," तो मराठीत म्हणाला आणि डब्याकडे बघून थांबला. "सांदणं आहेत का? वासावरून दाभोळ आठवलं."

समरीनचे कान तापले. डबा उघडून त्याला एक सांदण द्यावं लागलं, दुसरं त्याने न मागताच घेतलं. शेजारणीकडे चार कमी पोचली. चार कशी, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

त्याचं नाव अरीब. एका कंत्राटदार कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. राहायला दोन गल्ल्या पलीकडच्या तीनमजली इमारतीत, सात एकट्या पुरुषांबरोबर. समरीनची इमारत फॅमिलीवाल्यांची, इथे बॅचलरने पाऊल टाकायचं नाही असा नियम. पण आसपासच्या गल्ल्यांत अकरा मजले फक्त हिलाच होते. तिसऱ्या दिवशी हारिसने, म्हणजे रखवालदाराने, त्याला जिन्यात पकडलं. समरीन शाळेतून परतत होती. तिथल्या इंडियन स्कूलमध्ये ती केजीच्या मुलांना शिकवायची. तिने क्षणभर बघितलं आणि सांगून टाकलं, हा माझा मामेभाऊ आहे. हारिस निमूट खाली गेला.

"एवढ्या घाईने भाऊ करून टाकलंत?" अरीब म्हणाला. "जरा विचारायचं तरी..."

"मामेभाऊ म्हटलंय. सख्खा नाही."

हे बोलून गेल्यावर तिला त्याचा अर्थ कळला. आमच्या कोकणी मुसलमानांत मामेभावाशी लग्न चालतं. अरीबला तो आधीच कळला असावा, कारण पुढचे चार मजले तो गाणं गुणगुणत चढला.

एवढा जिना कशासाठी, ते हळूहळू उलगडत गेलं. त्याच्या साइटवर स्तोयान नावाचा एक बल्गेरियन इंजिनियर होता. त्याने गेल्या हिवाळ्यात अरीबला आपल्या देशात नेलं होतं, मुसालावर. सगळ्या बाल्कनमधला सर्वांत उंच डोंगर. तिथे लोक स्की घालून नुसते खाली घसरत नाहीत, आधी त्याच स्कीवर चालत वर चढतात. अरीबने जन्मात पहिल्यांदा बर्फ पाहिला, आणि शिखराच्या दोनशे मीटर खाली, एका गोठलेल्या तळ्यापाशी, त्याचा दम संपला. स्तोयान त्याला परत घेऊन आला. पुढे स्तोयान नोकरी सोडून मायदेशी गेला आणि जाताना आपली जुनी स्कीची जोडी अरीबला देऊन गेला. अरीबचे ते दोनशे मीटर मात्र तसेच राहिले. झोपताना छतावर मला ते तळं दिसतं, असं त्याने तिला एकदा सांगितलं. त्या दिवशी तो थट्टा करत नव्हता.

समरीन रोज जिन्याने येऊ लागली. अकरा मजले, एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या. तो चढायचा, ती सहाव्या मजल्याच्या खिडकीपाशी बसून वह्या तपासायची आणि फेऱ्या मोजायची. तुम्हीवरून तूवर कधी आले, दोघांनाही आठवत नाही. तो जाताना एखादं वाक्य टाकून जायचा, ती त्याचं उत्तर तो परत येईपर्यंत तयार ठेवायची. एवढ्या वेळात कुणालाही चांगलं उत्तर सुचेल, असं तो कुरकुरायचा.

डिसेंबरात एका शुक्रवारी समरीनच्या घरचे हाफ मून बेच्या किनाऱ्यावर सहलीला गेले. तिथे वाळूच्या टेकडीवर अरीब स्की घालून चढताना दिसला. योगायोग म्हणायचा तर म्हणा. तिचे अब्बा, हुसेनमियाँ, एकतीस वर्षं एका कंपनीच्या गोदामात होते. माणूस पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं त्यांना वाटायचं. त्यांनी अरीबला चटईवर बोलावलं, चहा दिला, दाभोळच्या कुठल्या मोहल्ल्यातला ते विचारून घेतलं. मग समरीनला म्हणाले, "पोरगा चक्रम हाय, बाय. पण वाईट नाय."

अरीबने तिला स्कीच्या तळाला चिकटवलेली पट्टी दाखवली. तिला स्किन म्हणतात. वरून हात फिरवला तर मखमल, उलटा फिरवला तर काटेरी. पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही.

"आणि वर पोचल्यावर?"

"सोलून काढायची, पिशवीत टाकायची. नाहीतर उतरता येत नाही." तो हसला. "माझी पिशवी फाटलीय."

समरीनने नव्या अबायाच्या उरलेल्या काळ्या कापडाची पिशवी शिवली. आत एका कोपऱ्यात, दिसणार नाही असं, हिरव्या दोऱ्याने एक छोटं पान काढलं. ती देताना बोटांना बोटं लागली... दोघांनीही हात काढायला जरा उशीरच केला.

जानेवारीत अब्बांच्या कंपनीने कळवलं, साठ झाले, आता फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मार्चपर्यंत. अब्बांच्या इकाम्यावरच घरातल्या सगळ्यांचे इकामे, तेव्हा सगळेच बाणकोटला परत. त्याच आठवड्यात म्हसळ्याहून लग्नाचा पैगाम आला. मुलगा फहाद, कतारला नोकरी, चार माणसांत नाव घेण्यासारखं घर. रमजानच्या आत उत्तर हवं होतं.

समरीनने सहाव्या मजल्यावर अरीबला सगळं सांगितलं. तो खिडकीला टेकून ऐकत राहिला, मग म्हणाला, "मी पैगाम घेऊन येतो."

पण पैगाम फोनवर टाकायचा नसतो. मुलाकडची वडीलधारी माणसं मुलीच्या घरी जातात, तिथे बसून शब्द टाकतात. समरीनचं घर म्हणजे बाणकोटचे तिचे चाचा. अरीबचे वडील नव्हते. त्याच्या अम्मीच्या मनात तिची भाची होती, तिला समोर बसूनच पटवावं लागणार होतं. आणि रजा होती वर्षातून एकदा, एकवीस दिवस. ती त्याने मुसालासाठी केव्हाच लावून ठेवली होती.

त्याने हिशोब मांडला. पहिले दहा दिवस बल्गेरिया. तिथून परस्पर मुंबई, शनिवारी दाभोळ, रविवारी दुपारी अम्मी आणि मामूंना घेऊन बाणकोट. सगळं बसतंय बघ, तो म्हणाला. आधी गावाला जा, डोंगर पळून जात नाही, हे समरीनच्या जिभेवर आलं होतं. पण झोपताना छतावर तळं दिसणाऱ्या माणसाला असं कसं सांगायचं? ती नुसती मान हलवून मोकळी झाली.

रात्रीच्या जेवणानंतर तिने धीर करून अब्बांना सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग त्यांनी चाचांना फोन लावला, रविवारी दाभोळची माणसं येतील, नीट बडदास्त ठेवा. म्हसळ्याला सोमवारपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. एकतीस वर्षांत अब्बांनी कुणाला असं ताटकळत ठेवलं नव्हतं.

अरीब गेला. पाइनच्या झाडांचे, गोठलेल्या झऱ्याचे फोटो येत राहिले. मग वादळ आलं. केबलकार बंद, तो आणि स्तोयान डोंगरावरच्या झोपडीत अडकले. गुरुवारी मधल्या सुट्टीत तिला त्याचा व्हॉइस मेसेज मिळाला. मागे वारा घोंघावत होता.

"समरीन... शनिवारी आभाळ उघडणार म्हणतायत. आत्ता स्कीवर कसाबसा खाली उतरलो तर उद्याचं विमान मिळतं. थांबलो तर रविवारी निघेन, बाणकोटला मंगळवार होईल. अम्मीला सांगतो, ती चाचांना कळवेल. दोनच दिवस गं... तू सांग, मी काय करू?"

ती केजीच्या छोट्या खुर्चीत बसली होती. समोर मुलं डबे खात होती. तिने टाइप केलं, "लगेच ये." बोट बटणापाशी गेलं आणि थांबलं. असं सांगून आला, तर तो सांगितलं म्हणून आला. आयुष्यभर ते दोनशे मीटर त्यांच्या ताटात वाढलेले राहणार. आणि तिला तर तो न सांगता यायला हवा होता. तिने ते पुसलं. लिहिलं, "तुला योग्य वाटेल ते कर."

निळ्या खुणा लगेच उमटल्या. "मला माहीत होतं, तू समजून घेशील," त्याने लिहिलं, आणि पुढे एक हृदय.

समरीनने अब्बांना हे सांगितलं नाही. शुक्रवारी दिवसभर वाटत राहिलं, त्याला कळेल, तो निघेल, विमानतळावरून फोन करेल. ही तिची चूक होती आणि ती तिने पुढे कधी दुसऱ्या कुणाच्या माथी मारली नाही. शनिवारी दुपारी फोटो आला. बर्फात बुडालेली शिखरावरची वेधशाळा, तिच्यापुढे अरीब, भुवयांवर हिम, आणि हातात ती काळी पिशवी. त्याच्या अम्मीने चाचांना कळवलं असेल, असं समरीन धरून चालली.

रविवारी बाणकोटला चाचींनी वडे तळले, सागोती केली, सांदणं केली. दिवाणखान्यात नवी चादर घातली. मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांनाही बोलावलं होतं. दुपार गेली, असरची नमाज झाली, दारात रिक्षा थांबली नाही. अरीबने अम्मीला कळवलं होतं, पण अम्मीने चाचांना फोन केलाच नाही. तिने का करावा? तिला हे लग्न नकोच होतं.

अब्बा बाल्कनीत फोनवर बोलले आणि आत आले. ते रागावले असते तर समरीनला सोपं गेलं असतं.

"माणसं आली नाय, बाय," ते म्हणाले. "जेवण शेजारीपाजारी वाटून टाकलं."

एवढं बोलून ते पुन्हा सामानाच्या खोक्यांना दोऱ्या बांधायला बसले. समरीनने दोरीचं दुसरं टोक धरलं. आता मुलीकडच्यांनी पुन्हा विषय काढायचा नसतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सोमवारी सकाळी ती स्वतःच म्हणाली, म्हसळ्याला हो कळवा.

मंगळवारी अरीब एकटाच बाणकोटला पोचला. चाचांनी दारातच पाणी दिलं आणि मुलीचा शब्द म्हसळ्याला गेल्याचं सांगितलं.

उरलेली रजा टाकून तो खोबरला परतला. समरीनच्या घरचे निघायला पाच दिवस होते. दुपारी ती शाळेतला शेवटचा दिवस संपवून आली, तर तो तळमजल्यावर, पहिल्या पायरीवर बसला होता. चेहरा उन्हाने आणि बर्फाने रापलेला, फक्त गॉगलच्या जागी पांढरी वर्तुळं. इतकं हास्यास्पद ध्यान होतं, की एरवी तिने महिनाभर चिडवलं असतं.

त्याने पिशवी पुढे केली. "हिरवं पान दिसलं मला. वर, स्किन आत टाकताना."

"ठेव तुलाच."

"तू 'ये' म्हणाली असतीस तर मी आलो असतो, समरीन. खरंच आलो असतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच 'ये' म्हटलं नाही. तू न विचारता यायला हवा होतास."

तो बोटांनी पिशवीचा कोपरा चुरगाळत राहिला. तिला तो अजून आवडत होता. अगदी पहिल्या दिवसाइतका, कदाचित जास्तच. त्याचा काही उपयोग नव्हता, एवढंच.

"कसं होतं वर?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या फेऱ्या मोजल्या होत्या तिने.

अरीबने पिशवी गुडघ्यावर सपाट केली.

"फोटो काढला आणि लगेच ढग आले. सगळं पांढरं... काहीच दिसलं नाही गं."

समरीनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती वळली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट तळमजल्यालाच उभी होती, दार लगेच उघडलं. तो पायरीवरून उठला, एक पाऊल पुढे आला. तिच्याकडून एक शब्द आला असता तर तो तसाच आत शिरला असता. ती काही बोलली नाही. दार बंद होईपर्यंत तो पिशवी हातात धरून तिथेच उभा राहिला, न सांगता आत आला नाही.