पंधराचा टायर, सोळाची रिम

प्रयोगशाळेत चपला घालून यायला बंदी होती. त्यामुळे मृण्मयी सोनटक्के अनवाणीच उभी राहून पडद्यावरच्या टायरकडे कौतुकाने पाहत होती. तिच्या ‘आभासी गॅरेज’ या खेळाला आज मंजुरी मिळाली नाही, तर सगळा प्रकल्पच गुंडाळला जाणार होता.

परीक्षक डॉ. खांडेपारकर लंगडत आत आले. त्यांना प्रत्येक चप्पल चावत असे.

“खेळाडू टायरपाशीच खेळ का सोडतात?”

“सर, टायरवर तीन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्क्यांत, तिसरा इंचांत. ठरवणारी माणसं एकमेकांशी बोलत नसावीत. रिमशी जुळवायचा असतो तिसरा. लोक पहिल्यावरच रडकुंडीला येतात.”

“मग?”

“मग मी समाधान-प्रणाली बसवली. खेळाडू अडला, की ती कमीत कमी बदल करून त्याचं काम जमवते. सकाळीच मी हे अनुभव-शिरस्त्राण घालून पंधरा इंची टायर सोळाच्या रिमवर चढवला. प्रणालीने टायर ताणला. बघा, कसा चपखल बसलाय!”

खांडेपारकरांनी चष्मा पुसून पाहिलं. “सोनटक्के, टायर रिमच्या कडेला लटकतोय.”

“छे! कुठे?”

“तो ताणला जाणारच नाही. खेळातल्या मापांना मीच कुलूप घालायला लावलं होतं. टायर बदलता येईना, रिम बदलता येईना. मग बदलण्यासारखं उरलं काय?”

मृण्मयीने इकडेतिकडे पाहिलं. “खुर्ची?”

“तुम्ही! शिरस्त्राण थेट मेंदूशी बोलतं. ‘बसलं’ ही तुमची जाणीवच त्याने सैल केलीय.”

“मला तर काही फरक वाटत नाही.”

“तोच तर फरक आहे, बाई!” खांडेपारकरांनी शिरस्त्राण उचललं. “आता मी पुरावा काढतो. माझ्यावर असलं काही चालायचं नाही. मी आजवर कशानेच समाधानी झालेलो नाही.”

त्यांनी ते डोक्यावर चढवून आभासी टायर रिमवर दाबला. पुन्हा दाबला. मग त्यांच्या कपाळावरची आठी हळूच विरली.

“बसला की हो!”

त्यांनी लगेच मंजुरीवर सही केली. ती चौकटीबाहेर चांगली वीतभर गेली. दोघांनाही ती चौकटीतच दिसली.

बाहेर आल्यावर गप्पांच्या नादात पायाला लागतील त्या चपला दोघांनी सरकवल्या. रखवालदार म्हणाला, “साहेब, तुमच्या चपलांची अदलाबदल झालीय.”

खांडेपारकरांनी खाली पाहिलं. मोत्यांचं फूल लावलेल्या चपलेबाहेर त्यांची अर्धी टाच फरशीवर टेकली होती. शेजारी मृण्मयी होडीएवढ्या चपलांत उभी होती.

“नाही हो,” दोघं एकदम म्हणाले आणि फटक-फटक करत निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच खांडेपारकरांना चप्पल चावत नव्हती.