दोन घरांचा अ‍ॅशट्रे

नोव्हेंबरच्या धुक्यात मिलानचा कालवा दिसत नाही, नुसता त्याचा ओलसर वास येतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी काठावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे, एर्सिलियाबाईंच्या टेबलावर मला तो दिसला… व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या जाड काचेचा अ‍ॅशट्रे. बाहेर पाण्यासारखी निवळ काच, आत मधाचा थर, त्याच्याही आत थेंबभर जांभळा रंग. धुक्यातही त्याच्यात कुठूनसं ऊन शिरलं होतं.

मी तेव्हा सिगारेट ओढत नव्हते, आजही नाही. पण माझ्या भाड्याच्या दोन खोल्या अशा जुन्या अ‍ॅशट्रेंनीच सजल्या होत्या. एकात साबण, एकात अंगठ्या, एका पसरट चिनीमातीच्या अ‍ॅशट्रेत पाण्यावर तरंगणारं कॅमेलियाचं फूल. दाराशी ठेवायला मात्र मनासारखं काही मिळत नव्हतं. आमच्याकडे घरात शिरलं की माणूस आधी खिसे रिकामे करतो. त्यासाठी दाराशी काहीतरी लागतंच.

मी तो उचलला. काचेचा तळ कारागिराने हाताने घासून सपाट केलेला, म्हणजे अस्सल, आहे की नाही, हे बोटाला कळतं, लोकरीच्या हातमोज्याला नाही. हातमोजा काढायला म्हणून क्षणभर खाली ठेवला… आणि दुसऱ्याच एका हाताने तो उचलला.

"तो माझा आहे," मी म्हणाले.

"होता." तपकिरी कोटातला एक तरुण, चष्म्यावर धुकं साचलेलं. "हातात होता तोवर तुमचा. खाली ठेवला की हक्क संपला. बाजाराचा नियम आहे, सिन्योरीना."

"मी मोजा काढत होते."

"दातांनी काढायचा."

एर्सिलियाबाईंनी विणकामातून मान वर केली. "नियम म्हणजे नियम, निवेस," त्या मला म्हणाल्या. "पण तू रे रुज्जेरो, मागे निळा नेलास, त्याआधी हिरवा. घर आहे का धुराडं?"

"मी कुठे ओढतो? ऑलिव्हच्या बिया टाकतो त्यांच्यात."

मला हसायचं नव्हतं, तरी हसले. त्याने चष्मा पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"असं करू," तो म्हणाला. "निम्मे पैसे तुमचे, निम्मे माझे. एक महिना तुमच्याकडे, एक महिना माझ्याकडे. दर बाजाराला इथे अदलाबदल."

"आधी कुणाकडे?"

"तुमच्याकडे. म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला यावंच लागेल…"

त्यानंतर तो अ‍ॅशट्रे कधी रिकामा आला-गेला नाही. मी त्यात एक छोटं संत्रं ठेवून दिलं. तो परत आला तो पिवळ्या मिमोसाची डहाळी घेऊन. रुज्जेरो ट्रामच्या कारखान्यात आराखडे काढायचा, त्यामुळे उजेडाचाही हिशेब ठेवायचा.

"माझ्याकडे सकाळी याचा जांभळा डाग भिंतीवर पडतो," तो एकदा म्हणाला. "तुमच्याकडे कुठे?"

"उशीवर," मी बोलून गेले आणि कालव्याकडे बघायला लागले.

वसंत आला. धुकं उठलं. एका रविवारी तो अ‍ॅशट्रे घेऊन आला, पण त्यात काहीच नव्हतं.

"मला जेनोव्हाला बोलावलंय," तो म्हणाला. "जहाजांच्या कारखान्यात. पुढच्या आठवड्यात जायचंय."

"आणि हा?"

"आता तुमच्याकडेच राहू दे."

एर्सिलियाबाईंची सुई थांबली. मला तो हातमोजा आठवला. एकदा क्षणभर हात सोडला होता, तर केवढं हातचं गेलं होतं…

"जड आहे," मी म्हणाले. "घरापर्यंत आणून द्या."

तो तेवढा जड नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्याने तो माझ्या जिन्यांवरून वर आणला आणि दाराजवळच्या फळीवर ठेवला. पाण्यावरचं कॅमेलिया, अंगठ्या… तो खोलीभर बघत राहिला. आणि बघता बघता, जन्माच्या सवयीने, त्याचा हात खिशात गेला. ट्रामचं तिकीट, पेन्सिलीचा तुकडा, किल्ल्या, सगळं त्याने अ‍ॅशट्रेत टाकलं.

मग भानावर आला. पण त्या दिवशी माझ्या हातात मोजे नव्हते. किल्ल्या मी आधी उचलल्या.

"खाली ठेवल्यात," मी म्हणाले. "हक्क संपला."

"अहो, मग मी घरी कसा जाणार?"

"बाजाराचा नियम आहे."

तो हसला, मग हसू हळूहळू विरलं. "निवेस… आणि जेनोव्हा?"

"जेनोव्हातल्या घरांना दारं नसतात का? तिथेही दाराशी काहीतरी लागेलच की."

"लागेल." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "पण मग एक महिना तुझ्याकडे, एक महिना माझ्याकडे, हे कसं जमायचं?"

"नकोच जमायला."

जेनोव्हात समुद्राचा उजेड फार. त्यात अ‍ॅशट्रेच्या पोटातलं जांभळं जास्तच गडद दिसतं. इतकी वर्षं झाली, रुज्जेरो अजून घरात शिरला की त्यातच खिसे रिकामे करतो. पण किल्ल्या सोडण्याआधी एकदा मान वळवून बघून घेतो, मी जवळपास तर नाही ना.